वॉर्डबॉय सापडला, तपास संपला

रुग्णालयात यंत्रापायी कुणी दगावलं की आपल्याकडे चौकशी समिती नेमतात. समितीत तिघे-चौघे असतात, चहा-बिस्किटं असतात आणि प्रश्न एकच असतो: शेवटचा हात कुणाचा लागला? तो हात सापडला की समितीच्या जिवात जीव येतो. हात बहुतेक वेळा कंत्राटी निघतो. त्याला निलंबितही करावं लागत नाही, 'उद्यापासून येऊ नकोस' म्हटलं की भागतं. अहवालात 'मानवी चूक' असं लिहून खाली सह्या, वर शिक्का. यंत्र विकत घेणारे, यंत्राची खोली आखणारे, प्रशिक्षणाची फाइल वर्षभर टेबलावर ठेवून तिच्यावर चहाचा कप टेकवणारे, ही मंडळी बहुधा देवमाणसं असावीत. मानवी चुकांच्या यादीत त्यांचं नाव कधी येत नाही.

मुंबईच्या नायर रुग्णालयातलं जानेवारी २०१८ चं प्रकरण घ्या. नात्यातल्या एका बाईंना एमआरआयसाठी आणलेलं, सोबत ३२ वर्षांचा तरुण. बाईंना ऑक्सिजन लागणार, म्हणून त्याच्या हातात सिलिंडर. आत लोखंड न्यायचं नसतं एवढं घरच्यांनाही माहीत होतं आणि त्यांनी तसं विचारलंही. त्यांच्या सांगण्याप्रमाणे उत्तर मिळालं ते असं की चालतं हो, रोजचंच आहे, मशीन बंद आहे. तरुण आत गेला. मशीनने सिलिंडर खेचला, सिलिंडरबरोबर त्याला खेचलं, सिलिंडरमधला वायू सुटला. तो वाचला नाही. डॉक्टर, वॉर्डबॉय आणि आया अशा ड्युटीवरच्या तिघांवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल कलम ३०४ अ खाली गुन्हा दाखल झाला.

आता 'मशीन बंद आहे' या वाक्याकडे जरा बघू. एमआरआयचा चुंबक बंद नसतोच. त्याच्या पोटातली तार द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत गार केलेली असते. एवढ्या थंडीत विजेला अडवणारं तारेत काही उरत नाही, त्यामुळे एकदा सोडलेला प्रवाह आपला आपण फिरत राहतो. रात्री फिरतो, रविवारी फिरतो, पंधरा ऑगस्टला फिरतो. इमारतीची वीज गेली तरी फिरतो. दीड टेस्लाचा चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट जोर. तो तातडीने उतरवायचा तर हेलियम उकळवून पाइपातून आभाळात सोडून द्यावा लागतो आणि पुन्हा भरायचं बिल लाखांत येतं. त्यामुळे ते लाल बटण दाबताना आधी रुग्ण आठवतो की हिशेबनीस, हे आम्ही विचारत नाही.

आणि बाहेरून हे यंत्र दिसतं कसं? तपासणी चालू असताना ढणढण, ठकठक, कानात बोळे घालावे लागतात. तपासणी संपली की चिडीचूप. पंखा गप्प झाला की बंद, टीव्ही गप्प झाला की बंद, मग कोट्यवधींचं हे धूड गप्प झालं तर मामांनी काय समजायचं? (वॉर्डबॉयला आपल्याकडे मामा म्हणतात आणि आयाला मावशी. पगार सोडला तर नातं एकदम जवळचं.) मामांनी जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं त्यावरून शहाणा माणूस काढेल तोच निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकीचा होता, कारण खरी गोष्ट सांगण्याचं काम यंत्राने केलं नाही आणि रुग्णालयाने दारावरच्या पाटीवर सोपवलं. पाटी बहुधा इंग्रजीत असते. मॉलमध्ये शिरताना आपल्या जेवणाच्या डब्याची झडती होते, चौकटीतून जाताना चिल्लर वाजते. जिथे लोखंड नेणं म्हणजे मरणाशी गाठ, त्या दाराला लोखंड ओळखणारी चौकट का नसते? असते, मिळते, विकत घ्यावी लागते. चुंबकाला न चिकटणारे ॲल्युमिनियमचे सिलिंडरही मिळतात. खोलीच्या भिंतीतूनच ऑक्सिजनची नळी आणता येते, मग सिलिंडर हातात घेऊन दारात उभं राहायची पाळीच येत नाही. पण हे सगळं 'अत्यावश्यक नसलेली खरेदी' या रकान्यात जाऊन बसतं. मामा मात्र आयते मिळतात.

बरं, नायरची घटना पहिली होती म्हणावं तर तसंही नाही. २००१ साली न्यूयॉर्कजवळच्या रुग्णालयात सहा वर्षांचा मुलगा याच यंत्रात गेला. कारण, ऑक्सिजनचा सिलिंडर. त्यानंतर अमेरिकेतल्या रेडिओलॉजीच्या डॉक्टरांच्या संघटनेने नियमावली काढली, यंत्राभोवतीच्या जागेचे चार टप्पे आखले, कुठल्या टप्प्यात कुणी यायचं ते ठरवलं. २०१४ साली आपल्या खारघरच्या कॅन्सर संशोधन केंद्रात सिलिंडर आत गेला आणि वॉर्डबॉय व तंत्रज्ञ दोघेही सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये चेमटले. आणीबाणीचं बटण कामी आलं नाही. सुटका होईपर्यंत चार तास गेले, नशिबाने दोघे जगले. खारघर ते नायरचं मुंबई सेंट्रल हे अंतर लोकलने फार नाही. बातमीला मात्र सव्वातीन वर्षांतही ते कापता आलं नाही. एवढं सगळं झाल्यावर २०२५ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर एक गृहस्थ बायकोला टेबलावरून उठवायला आत गेले. गळ्यात व्यायामाची नऊ किलोची साखळी. तेही गेले. तिथे नियमावली होती, पाट्या होत्या आणि पाट्या इंग्रजीतच होत्या, ज्या तिथे सगळ्यांना वाचता येतात.

यंत्र बनवणाऱ्यांची जात कशी असते ते पाहायचं तर जरा मागे जायला हवं. कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीने कॅन्सरवर किरणोपचार करणारं 'थेरॅक-२५' हे यंत्र आणलं. अमेरिका आणि कॅनडात मिळून ११ यंत्रं बसली. १९८५ ते १९८७ या काळात त्यांतून सहा रुग्णांना भयंकर जादा किरण बसले. त्यातला टेक्ससच्या टायलर गावातला प्रसंग आमच्या फार आवडीचा आहे, म्हणजे चीड आणण्याच्या कामी.

ऑपरेटर बाई अनुभवी. रोजचं काम, बोटं कीबोर्डवर पळणारी. मार्च १९८६ मध्ये एका रुग्णाची माहिती भरताना 'ई'ऐवजी 'एक्स' दाबलं गेलं. हवे होते इलेक्ट्रॉन, मागितले गेले एक्स-रे. बाईंच्या लगेच लक्षात आलं. बाणाची कळ दाबून त्या वर गेल्या, अक्षर बदललं, एंटर मारत भराभर खाली आल्या. पडद्यावर सगळं चोख. पण यंत्रातल्या चुंबकांना जागेवर यायला आठेक सेकंद लागायचे आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या गावीही नसायची. पडद्यावर एक आणि पोटात भलतंच. किरण सोडल्यावर यंत्र थांबलं आणि अक्षरं उमटली: 'मालफंक्शन ५४'. म्हणजे काय? ऑपरेटरच्या पुस्तिकेत त्याचा उलगडा नव्हता. असले निरोप यंत्र येता-जाता द्यायचं आणि 'पी' दाबलं की पुढे चालू लागायचं. बाईंनी 'पी' दाबलं. आत माणूस होरपळत होता. आतला आवाज बाहेर आणणारी सोय त्या दिवशी बिघडलेली, चित्र दाखवणारा पडदाही बंद. शेवटी त्या माणसानेच उठून दार बडवलं. पाच महिन्यांनी तो गेला.

कंपनीचे लोक आले, तपासणी झाली, यंत्रातून जादा मात्रा जाणं शक्यच नाही असं ठरलं. यंत्र पुन्हा कामाला लागलं. एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण, त्याच बाई, तेच ५४. तेव्हा तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि या बाईंनी ठाण मांडून कीबोर्डवर तीच कृती परत परत केली आणि भूत पकडलं. हळूहळू टाइप केलं तर काहीच होत नव्हतं. हात बसलेल्या माणसाच्या वेगानेच घात व्हायचा. नवशिका असता तर रुग्ण वाचला असता! आपल्याकडे यावर 'कर्मचाऱ्यांनी टंकलेखनाचा वेग आटोक्यात ठेवावा' असं परिपत्रक निघालं असतं, असं आम्ही म्हणणार होतो. पण कंपनीने आमच्यावर कडी केली. तिने यंत्र वापरणाऱ्या सगळ्यांना पत्र पाठवलं: वरच्या बाणाच्या कळीचं टोपण काढून टाका आणि आतला जोड चिकटपट्टी लावून निकामी करा. अणूचं पोट फोडणारी कंपनी, आणि उपाय इलेक्ट्रिशियनच्या खिशातली टेप. अमेरिकेच्या एफडीएने हे चालणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे पुढची हालचाल.

यातली खरी मेख नंतर कळली. आधीच्या 'थेरॅक-२०' मध्येही हाच घोळ दडलेला होता. शिकागोत शिकाऊ मुलं त्यावर वेडीवाकडी बटणं दाबायची, फ्यूज उडायचा, यंत्र बंद पडायचं, कुणाला ओरखडाही नाही. कारण त्या यंत्रात चुकीच्या किरणाला अडवणारी विजेची कुलपं वेगळी बसवलेली होती. नव्यात सॉफ्टवेअर आहे ना, मग कुलपं कशाला, म्हणून ती काढली गेली. ती काढायचा निर्णय घेणाऱ्याने 'पी' दाबलं नव्हतं, त्यामुळे त्याचा हात शेवटचा ठरत नाही.

कॅनडातच एडमंटनला २००६ साली कॅन्सरचं औषध पंपातून चार दिवसांत जायचं होतं, ते चार तासांत गेलं. तासाला १.२ मिलिलिटरऐवजी पंपात २८.८ चा आकडा भरला गेला. तो आकडाही हवेतून आलेला नव्हता. तो २४ तासांचा होता आणि औषधाच्या लेबलवर छापलेला होता. एका नर्सने भरला, दुसरीने तपासला, दोघींनाही तोच बरोबर वाटला. पंपाने निमूटपणे मान डोलावली. हे औषध या वेगाने देतात का, असं विचारायची अक्कल त्याला कुणी दिली नव्हती. रुग्ण दगावली.

आता अक्कल दिलेल्या वस्तूही आहेत, नाही असं नाही. भूल देण्याच्या यंत्रावर ऑक्सिजनचा सिलिंडर बसतो तिथे दोन छोट्या पिना असतात आणि सिलिंडरच्या तोंडावर तेवढ्याच खुणेची भोकं. ऑक्सिजनच्या पिना २ आणि ५ क्रमांकाच्या जागी, नायट्रस ऑक्साइडच्या ३ आणि ५. एकाचा सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. रात्रीचे तीन वाजलेले असोत, डॉक्टर छत्तीस तास जागा असो, मामा कालच रुजू झालेला असो, रंग ओळखू येवो न येवो, पिना हटून बसतात. घरातला मिक्सर भांडं नीट अडकल्याशिवाय फिरत नाही, तेवढाच हा शहाणपणा. त्यावरही मात करणारे महाभाग आहेत म्हणा: मध्ये जादा वॉशर घालून पिनांना चकवून नको तो सिलिंडर बसवल्याची नोंद भूलशास्त्राच्या पुस्तकांत आहे. जुगाडाला पिना काय आणि परमेश्वर काय!

आयसीयूत गेलात तर जरा कान द्या. तिथे प्रत्येक यंत्राला काहीतरी सांगायचं असतं आणि सगळ्यांना एकाच वेळी. बोटावरची क्लिप निसटली तरी टाहो, सलाइन संपत आलं तरी टाहो, पेशंटने कूस बदलली तरी टाहो.

"अहो सिस्टर, ते वाजतंय!"

"वाजू दे आजी, क्लिप निघालीय."

दहा वेळा क्लिपच निघालेली असते. अकराव्या वेळी नसते, आणि मग सिस्टरने दुर्लक्ष केलं असं अहवालात येतं. दहा वेळा खोटं ओरडणाऱ्या यंत्राला कारणे दाखवा नोटीस गेल्याचं ऐकिवात नाही.

यंत्रांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद व्हावी म्हणून २०१५ च्या जुलैपासून आपल्या देशात रीतसर कार्यक्रम आहे. मटेरिओव्हिजिलन्स असं त्याचं भारदस्त नाव. कारभार गाझियाबादहून चालतो. जवळच्या रुग्णालयात जाऊन तो फॉर्म मागून बघा, बिलाच्या काउंटरवर पाठवतील. आणि फॉर्म भरणार कोण? ज्याच्या हातून झालं त्यालाच खरं काय झालं ते ठाऊक असतं. त्याने इमानदारीने लिहून द्यायचं आणि त्याच कागदावर स्वतःचं निलंबन वाचायचं. एवढा इमानदार माणूस सापडला तर त्याला मामा म्हणून नेमू नका, थेट समितीवर घ्या.

आता तर निम्मं रुग्णालय घरीच आलंय. कोविडने प्रत्येक घराला एक ऑक्सिमीटर दिला. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई तेच घेऊन दारोदार फिरल्या. मेंदीचं बोट, नेलपॉलिशचं बोट, थंडगार पडलेलं बोट, सगळ्यांवर ते लागलं आणि घराघरांत नाडीचा ७२ हा आकडा ऑक्सिजन समजून रडारड झाली. कातडीचा रंग गडद असेल तर हे यंत्र ऑक्सिजन असतो त्याहून बरा दाखवतं, हे अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०२० च्या अखेरीस पुन्हा समोर आलं. म्हणजे इथे चूक बोटाची, तीही जन्मतःच झालेली.

बीपीचं मशीन स्वेटरच्या बाहीवरून बांधतात आणि चालू असताना नाना शेजाऱ्यांच्या पार्किंगवर बोलत असतात. १६० आलं की गोळी वाढवून मागतात. शेजारी बदलून मागत नाहीत. दम्याच्या पंपाचं टोपण न काढता दाबणारे आहेत, पंप एकीकडे आणि श्वास दुसरीकडे सोडणारे आहेत. यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आहेत. कॅप्सूल दिसायला कॅप्सूलसारखी, पाकीट गोळ्यांच्या पाकिटासारखं, विकत मिळते औषधाच्या दुकानात. मग गिळणार नाही तर काय करणार?

घरात वॉर्डबॉय नसल्याने चौकशी समितीची पंचाईत होते, असं वाटेल. होत नाही. घरात सूनबाई असते.

इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनात बसवायच्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंजाही दोन तऱ्हेच्या: लाल टोपणाची ४० च्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची १०० च्या औषधासाठी. दोन्ही दिसायला बहिणी-बहिणी, दोन्हींवर २० ची रेघ. नानांना २० युनिट घ्यायचेत. ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज अशी जोडी जमली तर रेघ २० ची, पण पोटात गेले ८. साखर चढत राहते, नाना चोरून गोड खातात असा संशय सगळ्या घराला येतो. उलट जोडी जमली तर मामला गंभीर. पेन बिघडलं, कार्ट्रिजमध्ये औषध शिल्लक, ते टाकून द्यायचं म्हणजे जिवावर येतं. कपाटात जुनी लाल टोपणाची सिरिंज असते. कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून २० च्या रेघेपर्यंत ओढलं की आत ५० युनिट जातात. मग पहाटे तीनला नाना घामाने चिंब, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. साखर भरवून, ॲम्ब्युलन्स बोलावून, सगळं निभावल्यावर दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये समिती बसते. चहा-बिस्किटं असतातच. सुई कुणी भरून दिली होती, हा पहिला प्रश्न आणि शेवटचाही.

एकाच औषधाच्या दोन ताकदी आणि त्यांना फक्त टोपणाच्या रंगाने ओळखायचं, ही व्यवस्था कुणी आणि का चालू ठेवली, हे विचारायला हॉलमध्ये कुणी नसतं. तो प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर विचारला जावा, अशी अपेक्षा आहे. संध्याकाळी सातची वेळ, पाच जण पुढे हात करून उभे, सहावा फोनवर.

"इन्सुलिनच्या सुया द्या हो."

"कुठल्या काकू? लाल की केशरी?"

(हे विचारणारा दुकानदार भेटला तर त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा.)

"म्हणजे? फरक काय असतो त्यात?"

"लाल चाळीसची, केशरी शंभरची."

"अगं बाई, एवढा फरक? मग चाळीसचीच द्या."